उपासवाल्याची राखण

लोक विचारतात, "ताई, तुम्ही नोकरीत नेमकं काय करत होता?" बँकेत होते किंवा शाळेत शिकवत होते असं सांगता आलं असतं तर विषय तिथेच संपला असता. पण खरं सांगायचं तर एका शेताच्या तुकड्याला उपाशी ठेवणं ही माझी नोकरी होती. त्यासाठी सरकारने मला दरमहा पगार दिला, वेळच्या वेळी बढत्या दिल्या आणि शेवटी शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवलं. आमच्या अन्नपूर्णा भागातल्या शेजारणींना हे अजून पटलेलं नाही. अन्नपूर्णेच्या देवळाजवळ राहून कोणाला उपाशी ठेवायचं, हे काही बरं नव्हे असं त्यांचं म्हणणं आहे.

तर आधी ते शेत काय होतं ते सांगते.

इंदूरच्या आमच्या कृषी संशोधन केंद्रात एक जुना प्रयोग चालू आहे. मी नोकरीला लागले तेव्हाच तो जुना होता. ज्यांनी सुरू केला ते साहेब निवृत्त होऊन नातवंडं खेळवत होते. प्रयोग ऐकायला अगदी सोपा. माळव्याची काळी माती, पावसाळ्यात सोयाबीन, थंडीत गहू. शेताचे सारखे तुकडे पाडलेले. एका तुकड्याला दरवर्षी फक्त शेणखत. एकाला फक्त युरिया आणि बाकीची पोत्यातली खतं. एकाला दोन्ही. आणि एकाला काहीच नाही. बी तेच, पाणी तेवढंच, निंदणी तशीच. पण खत म्हणून चिमूटभरही नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तेच. माणसं बदलतात, साहेब बदलतात, सरकारं बदलतात. तुकड्याचं ताट बदलत नाही.

कागदोपत्री या तुकड्यांना नंबर होते, पण आमच्याकडे निंदायला येणाऱ्या बायकांची मुकादम होती गेंदाबाई, आणि गेंदाबाईला नंबर आवडत नसत. दोन्ही खतं खाणाऱ्या तुकड्याचं नाव तिने 'सेठ' ठेवलं होतं. तिथला गहू इतका माजायचा की वारा आला की आडवा पडायचा. आणि ज्याला काहीच मिळत नसे तो 'उपासवाला'. ही नावं इतकी रुळली की एकदा दिल्लीच्या पाहुण्यांसमोर खुद्द आमच्या साहेबांच्या तोंडून "ये हमारे सेठजी हैं" असं निघालं, आणि पाहुणे नमस्कार करायला माणूस शोधू लागले.

उपासवाला दिसायला अगदी केविलवाणा. त्याचं सोयाबीन गुडघ्याला लागत नसे. गहू फिकट, ओंबी बोटाएवढी, दाणा सुरकुतलेला. शेजारी सेठ हिरवागार डुलतोय आणि मधल्या बांधाच्या अलीकडे हा. रुजू झाले त्या वर्षीच गेंदाबाईने मला विचारलं होतं, "मैडमजी, इणे कंई गुनो कर्यो?" याने काय गुन्हा केला, म्हणून. मी तिला समजावलं की बाई, याने काही गुन्हा केलेला नाही, याच्यावरूनच तर बाकीच्यांचं मोजायचं. वजन करताना काटा आधी शून्यावर पाहिजे ना? हा आपला शून्य. हा हलला तर सगळ्यांचं वजन खोटं. गेंदाबाई म्हणाली, "हाओ मैडमजी, पर भूखो तो हे नी बिचारो." उपाशी तर आहेच ना बिचारा, असं तिचं म्हणणं.

उपाशी ठेवणं म्हणजे नुसतं न देणं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण या जगात कोणालाही काहीही न मिळू देणं किती अवघड आहे हे मला त्या नोकरीत कळलं. गाई घुसतात, आणि गाय रिकाम्या हाताने जात नाही. कबुतरं, बगळे, साळुंक्या, कोणाकोणाला सांगणार? बाकीच्या तुकड्यांत पाखरांना बसायला काठ्या रोवत, म्हणजे ती अळ्या टिपतात. उपासवाल्याच्या आसपास काठी नाही, झाड नाही, विजेची तार नाही. त्याची खुरपी वेगळी, विळे वेगळे, खराटा वेगळा. सगळ्यांच्या मुठीला लाल चिंधी. आत पाऊल टाकण्याआधी चपला झटकायच्या, कारण सेठच्या बांधावरून येणारा माणूस तळव्याला लागलेलं शेणखत घेऊन येतो. एवढं सोवळं आमच्या देवघरातही नव्हतं.

आणि माणसं? माणसांचा बंदोबस्त सगळ्यात कठीण. एकदा बाहेरगावचे एक फार मोठे शास्त्रज्ञ शेत पाहायला आले. ऐन थंडीचे दिवस, चहा बराच झालेला. साहेब मंडळी पुढे चालली होती आणि हे पाहुणे हळूच मागे राहिले. मी पाहते तो गृहस्थ उपासवाल्याच्या बांधावर पाठमोरे उभे! मी तेव्हा नवीन होते, पदाने लहान होते आणि बाईमाणूस होते. तरी मी जिथे होते तिथून ओरडले, "सर! यहाँ नाइट्रोजन मना है!" सगळा ताफा वळला. पाहुणे गोरेमोरे झाले, पण थांबले. आमच्या साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहण्याची माझी हिंमत नव्हती. जाताना पाहुणे माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बेटी, जब तक तुम हो, मुझे इन आँकड़ों पर भरोसा है." पुढे ते स्वतःच हा किस्सा भाषणांत सांगत असत, असं कानावर आलं.

अशी माझी वर्षं गेली. शहर आमच्या कुंपणापर्यंत आलं. लग्न होऊन या घरी आले तेव्हा केंद्र गावाबाहेर होतं. आता पलासियाहून विजय नगरकडे जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न पेरणीच्या वेळी ऐकू येतात. आमच्या भिंतीमागे एक कॉलनी झाली. तिथल्या निवृत्त मंडळींना सकाळी फिरायला आमच्या शेतातला रस्ता मिळाला, आणि अर्जविनंत्या करून त्यांनी तशी परवानगीही मिळवली. या मंडळींचे म्होरके होते भाऊसाहेब. पणजोबा दरबारच्या फौजेत होते, आणि भाऊसाहेब विमा कंपनीत आयुष्य काढूनही चालताना अजून घोड्यावर बसल्यासारखे चालत. बरोबर त्यांच्या पत्नी मालतीकाकू. यांच्याकडे पुढे वळायचंच आहे, पण आधी देशमुख सर.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत केंद्राचे प्रमुख म्हणून देशमुख सर आले, विदर्भातून. हुशार, तरुण, घाईत असलेले. आमचं मराठी ऐकून त्यांना आधी हसू यायचं. पहिल्याच फेरीत उपासवाल्यासमोर उभं राहून त्यांनी मला विचारलं, "ताई, इतकी वर्षं तेच ते करायचं आणि तेच ते बघायचं, यातून नवीन काय कळतं?"

"सर, करतो तेच, पण दिसत तेच नाही ना," मी म्हटलं. "तीच तर याची गंमत आहे."

मग मी त्यांना फक्त पोत्यातल्या खतावरच्या तुकड्याची कहाणी सांगितली. सुरुवातीची काही वर्षं तो सगळ्यांच्या पुढे होता. लोक म्हणाले, झालं, शेणखताचं काम संपलं. तीन वर्षांचा प्रयोग असता तर हाच निकाल छापून सगळे घरी गेले असते. पण प्रयोग चालू राहिला आणि तो तुकडा हळूहळू दमायला लागला. माती घट्ट झाली, गांडुळं दिसेनाशी झाली, खत तेवढंच देऊन दाणा उतरायला लागला. आणि शेणखतवाला, जो आधी मागे होता, तो रमतगमत पुढे आला. हे जमिनीने आपल्या सवडीने सांगितलं. ते ऐकायला कोणीतरी तिथे बसून राहावं लागतं. आमच्या एका खोलीत दर थोड्या वर्षांनी काढून ठेवलेली प्रत्येक तुकड्याची माती बरण्यांत भरलेली आहे. गेंदाबाई तिला लोणच्याची खोली म्हणायची. आज कोणी नवं यंत्र घेऊन येतो आणि तेव्हा कोणाच्या डोक्यातही नसलेलं काही त्या जुन्या मातीत मोजतो.

सरांनी ऐकलं आणि घड्याळ पाहिलं. "इथे पॉलीहाऊस छान बसेल," ते म्हणाले. "रंगीत ढोबळी मिरची. शेतकऱ्याला लगेच दाखवता येईल असं काहीतरी हवं, ताई." ते वाईट बोलत नव्हते. पण त्या दिवसापासून मला ढोबळी मिरची नकोशी झाली. आमच्या सुनेने तिची भाजी केली की मी वरण-भात खाऊन उठायची.

सरांना प्रयोग बंद करायला निमित्त हवं होतं, आणि ते निमित्त पोत्यांत भरून भाऊसाहेब घेऊन आले.

आता इंदूरच्या लोकांना स्वच्छतेचा किती अभिमान आहे हे मी सांगायला नको. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. यात चूक करणाऱ्या पाहुण्याकडेही आम्ही संशयाने पाहतो. भाऊसाहेबांच्या कॉलनीने पुढची पायरी गाठली होती. घरोघरी मटक्यात ओल्या कचऱ्याचं खत होत होतं आणि कोणाचं खत जास्त काळं, जास्त भुसभुशीत, यावर चढाओढ होती. अडचण एवढीच, की फ्लॅटच्या बाल्कनीत तुळशीच्या चार कुंड्या. त्या तरी किती खाणार? खत साठत गेलं. आणि रोज सकाळी फिरताना ही मंडळी सेठच्या शेजारी उभा असलेला उपासवाला पाहत होती. दयेला आणि खताला एकदमच वाट सापडली.

ते दिवस वैशाखाचे होते. गहू निघून शेत रिकामं पडलेलं. आपली काळी माती उन्हाळ्यात तडकते ते माहीत असेलच. हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडतात. रविवार होता. चौकीदार बद्रीलालचा फोन आला, "मैडमजी, कॉलनी वाले आए हैं, बड़ा अच्छा काम कर रिये हैं, आप भी आ जाओ." बद्रीलाल कशाला अच्छा काम म्हणतो हे मला अनुभवाने ठाऊक होतं. मी तशीच रिक्षा केली.

फाटकातून पाहिलं तर उपासवाल्याच्या बांधाला फलक बांधलेला: 'भूखी धरती को भोजन, हमारा संकल्प'. सगळी मंडळी टोप्या घालून रांगेत. बद्रीलालच्या हातात कचोरी. आणि भाऊसाहेब, पणजोबांचा वारसा चालवत, पोतं उचलून कोपऱ्यात खत उधळत होते.

मी जी पळाले, तशी पळापळ मी माझ्या मुलीच्या लग्नातही केली नव्हती. "थांबा! भाऊसाहेब, थांबा हो! काय करून राहिले तुम्ही!"

भाऊसाहेबांनी आनंदाने हात हलवला. "या, या ताई! आम्ही तुम्हाला सरप्राईज देणार होतो. रोज पाहून पाहून जीव तळमळून राहिला होता आमचा. बाजूचा खेत कसा मस्त, अन् हा बिचारा सुकून राहिला. तर म्हटलं, भिया, सरकारी लोकांना फुरसत नाही, अपन ही कुछ करते हैं." आमच्या इंदुरात भय्याचा असा 'भिया' होतो.

"माझ्या घरचं आहे हो," मालतीकाकूंनी मूठ पुढे केली. "एकदम शुद्ध. लिंबाची सालंसुद्धा नाही टाकत मी त्यात. हात लावून तर पाहा."

मी पाहिलं. खत खरोखरच उत्तम होतं, आणि तीच तर परेशानी होती. मी तिथेच बांधावर बसले आणि मला रडू आलं. इतकी वर्षं गाई हाकलल्या, कबुतरं हाकलली, एका थोर माणसाला चारचौघांत लाजवलं, आणि शेवटी उपास मोडला तो कॉलनीच्या प्रेमाने! मंडळी घाबरली. कोणी पाणी आणलं. मी डोळे पुसून त्यांना सगळं सांगितलं: शून्य म्हणजे काय, हा उपाशी का, आणि आता काय होणार. ऐकता ऐकता भाऊसाहेबांचा चेहरा उतरत गेला. पोतं त्यांच्या हातातून खाली, सुदैवाने बांधाच्या बाहेर, पडलं.

"म्हणजे आम्ही याला वाचवायला आलो," ते म्हणाले, "अन् मारूनच टाकला?"

देशमुख सरही आले. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं. "ताई, शून्याला खत लागलं म्हणजे शून्य बाद," ते म्हणाले. "आणि शून्य बाद म्हणजे प्रयोग बाद. मला वर कळवावं लागेल."

"सर, एका कोपऱ्यातच पडलंय. काठाच्या ओळी आपण तशाही मोजत नाही," मी म्हटलं. "खत वरून उचलून घेतो. अजून पाऊस नाही, मातीत मुरलेलं नाही. गव्हापर्यंत थांबा. तो कोपरा जर हिरवा दिसला, तर बंद करायच्या कागदावर मी स्वतः सही करीन."

"सोयाबीन आधी येईल की."

"सोयाबीनचं काय खरं, सर. ते हवेतून थोडंफार नाइट्रोजन आपलं आपण कमावतं. गहू खोटं बोलत नाही."

सरांनी भेगांकडे बोट दाखवलं. "वरचं उचलाल," ते म्हणाले, "पण भेगांत गेलंय त्याचं काय?"

मग मालतीकाकू हळूच म्हणाल्या, "माझ्याकडे तो व्हॅक्यूम क्लीनर आहे ना... त्याला सोफ्याच्या फटीत घालायचं पातळ नळकांडं असतं."

आमच्या केंद्राने त्यानंतर जे पाहिलं ते कुठल्याही शेतकी महाविद्यालयात शिकवत नाहीत. कॉलनीतून व्हॅक्यूम क्लीनर आले. लाल, निळे, एक तर लग्नात मिळालेला आणि खोक्यातून कधीच न काढलेला. पंपाच्या खोलीतून वायरी ओढल्या. सगळ्यांनी चपला बांधाबाहेर काढल्या, कारण आता त्यांना नियम कळले होते, आणि ते एकमेकांचे तळवेसुद्धा तपासत होते. वरचं खत बायकांनी खराट्याने हलकेच गोळा केलं. आणि दरबारी फौजेचे वंशज गुडघ्यांवर बसून, डोळ्यांवर चष्मा सरकवत, जमिनीच्या भेगांत नळकांडं घालून एकेक काळा कण ओढून घेत होते. सोमवारी गेंदाबाई कामावर आली तेव्हाही हे चालूच होतं. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि मला विचारलं, "मैडमजी, अब खेत में झाड़ू-पोंछो भी वेगा कंई?" शेतातही आता झाडूपोछा होणार का, म्हणून. मातीही थोडी ओढली जात होती, ती काकूंच्या मैद्याच्या चाळणीने चाळून परत भेगेत सोडली. पश्चिमेला अवकाळी ढग आले तेव्हा सगळ्यांचे हात थांबले. मी शेतीखात्याची बाई, जन्मभर पावसाची वाट पाहिलेली, पण त्या दुपारी मी हात जोडून ढगांना म्हटलं, "आज नका हो." ते देवासच्या दिशेने निघून गेले. देवासकरांना त्याचं काय मिळालं ते मला माहीत नाही.

मग सुरू झालं वाट पाहणं. सोयाबीन आलं, खुरटंच आलं, पण माझा त्याच्यावर भरवसा नव्हता. दिवाळीनंतर गहू पेरला. मंडळी रोज सकाळी फिरायला यायची आणि फिरायचं सोडून कोपऱ्यापाशी उभी राहायची. आधी ज्यांना त्या तुकड्याची दया येत होती, ते आता देवाला साकडं घालत होते की हा नीट वाढू नये. मालतीकाकूंनी तर गणपतीला नवस बोलला होता. कोणी म्हणे, "ताई, कोपरा जरा गडद दिसून राहिलाय." मी लगेच वाकून पानं पाहायची. कोणी म्हणे, "नाही हो, सावली आहे ती." भाऊसाहेब चष्मा बदलून आले. देशमुख सरही वाट वाकडी करून तिथून जायचे, आणि पाहून जायचे.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी धुकं विरलं आणि गव्हावर ऊन आलं. सेठ गडद हिरवा. आणि उपासवाला या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोपऱ्यासकट, एकसारखा फिकट पिवळा. खुरटा, विरळ, केविलवाणा. सरांनी खाली बसून कोपऱ्यातली पानं आणि मधली पानं शेजारी शेजारी धरली. पुन्हा धरली. मग मान वर करून म्हणाले, "ताई, काहीच फरक नाही. तितकाच वाईट आहे."

"तितकाच वाईट आहे!" भाऊसाहेब ओरडले. "भिया, पिवळा आला! एकदम बेकार आला!" आणि त्यांनी कॉलनीत पेढे वाटले. कोणी विचारलं कशाचे, तर सांगत, "आमचा गहू आला नाही त्याचे." गेंदाबाईने पेढा तोंडात टाकला आणि सगळ्यांकडे बारीक नजरेने पाहिलं. शहरातली माणसं वेडी असतात हे तिला आधीपासून माहीत होतं. आता पुरावा मिळाला होता.

सरांनी वर कळवलं, पण ते वेगळंच, प्रयोग चालू ठेवावा असं कळवलं. पॉलीहाऊस दुसऱ्या बाजूला, गोडाऊनमागे उभं राहिलं. ढोबळी मिरची छान येते तिथे. मी आता खाते.

त्या चैत्रात गहू कापला, तोलला, आणि वर्षभरात मी निवृत्त झाले. निरोपसमारंभात शाल, नारळ, भाषणं सगळं झालं. शेवटी देशमुख सरांनी मला एक कापडी पिशवी दिली. आत गहू होता, बारीक, सुरकुतलेला. "उपासवाल्याचा आहे," ते म्हणाले. "मोजून झाल्यावरचा. तुम्हाला द्यावासा वाटला." माझ्याकडून धड आभारही मानले गेले नाहीत. इतकी वर्षं मी त्या तुकड्याला ओंजळभरही काही दिलं नाही, कोणाला देऊ दिलं नाही, आणि त्याने मात्र एकही हंगाम रिकामा जाऊ दिला नव्हता. लोकांना त्याचं पीक कमी वाटे. मला दरवर्षी कापणीला नवल वाटे की हा आणतो कुठून.

तो गहू मी जपून ठेवला. या धनतेरसला दळला आणि त्याच्या कणकेचा दिवा केला. आपल्याकडे त्या संध्याकाळी कणकेचा दिवा लावतात, दक्षिणेकडे वात करून. आई उकिरड्यावरही एक पणती ठेवायची. जिथून शेताला खायला जातं ती जागा म्हणून. मला वाटलं, ज्याच्या वाट्याला उकिरडाही नाही त्याच्या बांधावर हा दिवा लावावा. सरांना फोन केला.

"लावा ताई," म्हणाले. "पण ताटलीत ठेवा. तेल सांडू देऊ नका. आणि दिवा विझला की कणीक परत घेऊन जा. मुंग्या लागतात."

मी हसले. मला सांगताय, असं म्हणणार होते, पण म्हटलं नाही. राखण योग्य हातात गेली होती.

तिन्हीसांजेला मी बांधावर ताटली ठेवली. भाऊसाहेब आणि मालतीकाकू आले होते. न सांगता दोघांनी चपला आधीच झटकल्या होत्या. शेत नुकतंच नांगरलेलं, पेरणीची वाट पाहणारं. दिवा बराच वेळ जळला. विझल्यावर मी हात लावला तर कणीक अजून कोमट होती. त्याचाच गहू, त्याचीच कणीक, आणि त्यातला कणही त्याच्या मातीत टाकायचा नाही. मन फार झालं होतं, एकदाच, चिमूटभर, कोणाला कळलंही नसतं. मी चिमूटही तोडली नाही. ताटली पदराखाली घेतली, बांधावर तेलाचा डाग तर नाही ना हे वाकून पाहिलं, आणि त्याला उपाशीच ठेवून घरी आले.